घर झालं, हप्ते सुरू झाले, आता महिना कसा काढायचा?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आकडे सरळच देते. "जरा ओढाताण होतेय" असं मोघम लिहिलं की सल्लेही मोघम येतात.

दोन वर्षांपूर्वी भांडुप पश्चिमेला रीसेलचा वन बीएचके घेतला, ६८ लाखांना. बँकेचे ५० लाख, वरच्या १८ लाखांत आमची पुंजी, सासऱ्यांच्या पीएफमधले थोडे, माझ्या पतपेढीचं ३ लाखांचं कर्ज आणि २.५ लाखांचं गोल्ड लोन. त्यापुढे स्टॅम्प ड्यूटी ६ टक्के म्हणजे ४ लाख ८ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, एजंटची दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, रंगकाम. हे बँक देत नाही. त्यासाठी ६ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी, ५ वर्षांचं.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१२,०००. नवरा खाजगी कंपनीत, मी अनुदानित शाळेत कारकून. पतपेढीचा हप्ता माझ्या पगारातून परस्पर कापला जातो, तो ह्यात धरलेला नाही.

होम लोन ४५,८००. पर्सनल लोन १३,९६०. क्रेडिट कार्डावर १,६०,००० थकलेत, त्याचे 'मिनिमम ड्यू' ८,००० भरतो. घरखर्च असा: मेंटेनन्स ४,२००, लेकीची फी आणि क्लास ६,५००, सासऱ्यांची औषधं ५,०००, वीज-गॅस ३,०००, किराणा-भाजी १३,०००, दूध ३,०००, प्रवास ३,०००, मोबाइल-इंटरनेट १,५००, गावी आईला ४,०००.

बेरीज केली तर हजारेक रुपये उरायला हवेत. उरत नाहीत. कार्ड वाढतच चाललंय.

आता नवऱ्याचा दिवाळी बोनस येईल, साधारण ९५,०००. त्याचं म्हणणं, तो सगळा होम लोनमध्ये भरू, सगळ्यात मोठं कर्ज तेच आहे. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे सांगताही येत नाहीये.

लोकलकर
प्रवास ३,००० म्हणजे पास महिन्याचा काढत असणार. रेल्वेचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पटीत मिळतो, वर्षाचा १०.८ पट. फार मोठी बचत नाही, पण फुकटची आहे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून ५ चं १० झालंय, त्यामुळे स्टेशन ते घर जमेल तेवढं चाला. गुडघे ठीक असतील तर.

रोखठोक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पगार बघून घर घ्यावं. ऐपत नसताना मुंबईतच राहायचा अट्टहास कशाला? १३ हजार किराणा म्हणजे काय खाता? माझ्या घरी चौघं ९ हजारांत जेवतात. बाहेरचं खाणं बंद, क्लास बंद, आईला सांगा दोन वर्षं अडचण आहे.

चाफेकळी
राग नाही. किराणा पाच माणसांचा आहे, त्यात सासूबाईंना डायबिटीस. लालबागहून मसाला आणि डी-मार्टातून महिन्याचं सामान, ह्यापलीकडे आमची काही चैन नाही. क्लास बंद करू शकते. आईचे बंद करणार नाही, त्यावर चर्चा नको.

वांगीभात
ताई +१. लोकांची ऐपत काढायची इथे काय हौस असते कळत नाही.

जमाखर्च
धागाकर्तीने आकडे दिलेत म्हणून सविस्तर लिहितो. इतकं सरळ कुणी मांडत नाही.

तुमचे हजार उरतात ते महिन्याच्या खर्चातून. महिन्याचे नसलेले खर्च यादीत कुठेच नाहीत. गणपतीला गावी जात असाल. जूनमध्ये शाळेची टर्म फी, वह्या, गणवेश. विम्याचा वार्षिक हप्ता. दिवाळी. लग्नसराईत आहेर. आणि गोल्ड लोनचं व्याज, जे बहुधा वर्षातून एकदा भरत असाल, कारण हप्त्यांत ते दिसत नाही. हे सगळं लिहा, बेरीज करा, बाराने भागा. जो आकडा येईल तो दर महिन्याला तुमच्या कार्डावर चढतोय. किराण्यात काही दोष नाही.

दुसरं, कार्ड. साधारण ३.५ टक्के महिना धरतो (स्टेटमेंटवर तुमचा दर बघा). १,६०,००० वर व्याज ५,६००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,००८. झाले ६,६०८. तुम्ही ८,००० भरता, मुद्दल फिटतं १,३९२. शिवाय पूर्ण बिल भरत नाही तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज दूध घेतलंत तर आजपासून त्यावर व्याज.

तिसरं, होम लोनचा दर किती चाललाय? फेब्रुवारी ते जून २०२५ ह्या काळात रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ५.५० वर आला. तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल (बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, होम लोन्स अशा बाहेरच्या दराला जोडलेलीच असतात) तर तुमचा दरही उतरला असणार. पण बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. अॅपमध्ये बघा आणि इथे लिहा.

चाफेकळी
बाप रे. अॅप उघडलं. सुरुवातीचा दर ९.२५, आता ८.२५ दिसतोय. हप्ता तोच ४५,८००. मुदत कमी झालीय. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एसएमएस आला असेल तर वाचला नाही.

आणि वार्षिक यादी केली. एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) २४,०००, टर्म इन्शुरन्स १३,०००, गणपतीला गावी १८,०००, जूनची शाळा १८,०००, दिवाळी १०,०००, आहेर ८,०००, गोल्ड लोनचं व्याज २६,०००. एकूण १,१७,०००. महिन्याला ९,७५०.

म्हणजे हजार उरत नाहीत, साडेआठ हजारांच्या वर कमी पडतात.

जमाखर्च
आणि कार्डाला तुम्ही भरता ८,०००. पुढच्या दाराने आठ हजार आत, मागच्या दाराने साडेआठ परत कार्डावर.

आता हप्त्याचं. बँकेत अर्ज द्या, मुदत मूळचीच राहू दे, हप्ता कमी करा. बाकी साधारण ४८ लाख आणि १८ वर्षं धरली तर ८.२५ ने हप्ता ४२,७०० च्या आसपास येतो. म्हणजे महिन्याला ३,१०० मोकळे. हे मी एरवी कुणाला सुचवत नाही, कारण मुदत लांबली की व्याज वाढतं. पण तुमच्याकडे ५० टक्क्यांच्या आसपासचं कर्ज जिवंत असताना सव्वाआठ टक्क्यांचं घाईने फेडण्यात काही मतलब नाही. कार्ड संपलं की हप्ता परत वाढवा, तेव्हा कुणी अडवणार नाही.

नाहूरनाका
पण नवऱ्याचा मुद्दा अगदीच चूक नाही ना? होम लोनमध्ये सुरुवातीला लाख रुपये भरले तर शेवटी तीन-साडेतीन लाख वाचतात, असा मेसेज फिरत असतो. गणित बरोबर आहे, मी करून पाहिलंय.

जमाखर्च
गणित बरोबरच आहे, ८.२५ ने १८ वर्षांत लाखाला तीन लाखांहून जास्त वाचतात. पण तोच लाख कार्डात टाकला तर पहिल्याच महिन्यापासून ४,१३० रुपये वाचतात, व्याज अधिक जीएसटी. होम लोनमध्ये टाकला तर महिन्याला ६८८. एवढे दोनच आकडे नवऱ्यापुढे ठेवा, १८ वर्षांचं काही बोलू नका.

फ्लोटिंग होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला प्रीपेमेंट दंड नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केलाय. तिथे पैसे भरायला दार कायम उघडं आहे.

पर्सनल लोनचं मात्र बघून. ते बहुतेक फिक्स्ड असतं आणि मुदतीआधी फेडलं तर चार्ज लागू शकतो. करारात बघा.

सीएची_बायको
"होम लोन ठेवा, टॅक्स वाचतो" असा सल्ला येण्याआधीच सांगते. नव्या करप्रणालीत स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८० सी (विमा, पीएफ वगैरेंची वजावट) पण नाही. आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. तुमच्या दोघांचे पगार बघता दोघंही बहुधा त्यात बसता. तर २४ हजारांची एंडोमेंट पॉलिसी "टॅक्ससाठी" चालू असेल तर ते कारण आता उरलेलं नाही. पुरेसे हप्ते भरून झाले असतील तर ती पेड-अप करता येते. पुढे हप्ते भरायचे नाहीत, कमी झालेली रक्कम मुदतीला मिळते. सरेंडर करण्याआधी किती मिळणार ते लेखी घ्या. टर्मला हात लावू नका, ५० लाखांचं कर्ज डोक्यावर आहे.

जाता जाता, नव्याने घर घेणाऱ्यांसाठी: घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे. जोडीला नवऱ्याचं नाव आलं की नाही. ६८ लाखांवर ते ६८ हजार होतात.

रोखठोक
आता स्त्रीपुरुष वाद सुरू.

सीएची_बायको
स्टॅम्प ड्यूटीवर बोलतेय मी. पावती दाखवू का?

गिरणगावचा
जरा वेगळं लिहितो. आमचे वडील लोअर परळच्या एका मिलमध्ये होते. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला तेव्हा मी शाळेत. पगार थांबला, वाण्याची वही थांबली नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची वही असायची आणि वाणी प्रत्येक वेळी लिहून झाल्यावर ती उलटी फिरवून आईला आकडा दाखवायचा. साखर अर्धा किलो, गोडं तेल पाव. आईला लिहिता येत नव्हतं, आकडे मात्र कळायचे. तिने एकदा "चहापूड लिहिलीत, दिली नाहीत" म्हणून त्याला भर दुकानात थांबवलेलं मला आठवतं. वडिलांना उधारी किती आहे हे माहीत नसायचं, आईला पैशापर्यंत माहीत.

हे लिहायचं कारण, तुमच्या घरात कार्डाचं स्टेटमेंट कुणाच्या ईमेलवर येतं? नवऱ्याच्या, असा माझा अंदाज. तसं असेल तर ज्या बाईच्या हातून घर चालतं तिला वहीच दिसत नाही. आधी ते बदला.

चाफेकळी
काका, बरोबर ओळखलंत. काल रात्री स्टेटमेंट काढायला सांगितलं. भांडण अर्धा तास, स्टेटमेंट पाच मिनिटं. त्यात फ्रीजचा 'नो-कॉस्ट ईएमआय' निघाला, ज्यावर दर महिन्याला व्याजाचा जीएसटी वेगळा लागतोय. नो-कॉस्ट कसलं.

पाटल्या_तोडे
सोन्याबद्दल कुणी बोललंच नाही. गोल्ड लोनवर वर्षाला २६ हजार व्याज जातंय. गहाण काय ठेवलंय? दागिने की वळी? वळी, नाणी असतील तर सरळ विका आणि तेवढं लोन उतरवा. सोन्याचे भाव चढे आहेत, वळ्यांना मजुरी नसते, नुकसान फारसं नाही. दागिने विकू नका. मजुरी गेली ती गेली, वर घट धरतात.

चाफेकळी
दोन्ही आहे. माझी वळी आहेत, लग्नानंतर दर पाडव्याला घेतलेली. आणि सासूबाईंच्या पाटल्या. पाटल्या विकण्याचा विषय ह्या घरात निघणार नाही, निघाला तर मीच बंद करीन. वळ्यांचा विचार करते.

पाटल्या_तोडे
मग बँकेत विचारा, वळ्यांपुरती रक्कम भरून तेवढाच ऐवज सोडवता येतो का. काही ठिकाणी सोडवतात, काही ठिकाणी सगळं बंद करून नवं खातं उघडायला लावतात. आणि मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. नोटीस येऊन लिलाव होतो, आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. तुम्ही घर बदललंय ना? पत्ता बदललात का?

चाफेकळी
नाही! उद्याच बदलते. हे खरंच लक्षात नव्हतं.

डोंगरपायथा
फ्लॅट भाड्याने द्या, बदलापूरला जा. भांडुपला २३-२४ हजार येतील, तिकडे ८ हजारांत वन बीएचके मिळेल. १५ हजार सुटतील. आम्ही तीन वर्षं हेच केलं.

लोकलकर
आणि सकाळी ७ च्या आसपासची बदलापूर फास्ट धरून दाखवा, मग बोलू.

डोंगरपायथा
दाखवली आहे, तीन वर्षं. तुमच्या त्रैमासिक पासातच.

चाफेकळी
डोंगरपायथा, आकडे खरे आहेत. पण लेकीची शाळा इथे, सासऱ्यांचा डॉक्टर मुलुंडला, माझी शाळा कांजूरला. डिपॉझिट, सामान हलवणं, तिकडची अॅडमिशन धरली तर पहिलं वर्ष त्यातच जाईल. राखीव ठेवते हा पर्याय.

अनामिक_कुर्ला
अवांतर आहे, माफ करा. माझी नोकरी गेलीय, दोन हप्ते थकलेत, एक लोन अॅपचं आहे. रात्री दहाला फोन येतात, काल वहिनीला फोन केला. काय करू?

जमाखर्च
अवांतर अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना त्रास देणंही चालत नाही. फोनच्या वेळांचे स्क्रीनशॉट ठेवा. आधी कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या कर्ज कंपनीच्या) तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन तक्रार फुकट आहे, माहितीसाठी १४४४८ नंबर. अॅपमागे कुठली बँक किंवा एनबीएफसी आहे ते करारात असायला हवं. नसेल तर थेट १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे जा. अॅपला दिलेली कॉन्टॅक्टची परवानगी आजच काढा.

होम लोनही असेल तर एक लक्षात ठेवा. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए (बुडीत धरलेलं) होतं आणि मग सरफेसीची (ज्या कायद्याने बँक तारण घर ताब्यात घेऊ शकते त्याची) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. त्याच्या आत बँकेत स्वतः जाऊन मुदत वाढवून मागा. फोन टाळलेल्या माणसाला बँक सवलत देत नाही. आणि गल्लीतल्या कुणाकडून टक्केवारीवर उचलू नका. परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तक्रार करेपर्यंत व्याज तुम्हीच भरत असता.

अनामिक_कुर्ला
आभार. ईमेल लिहितोय आत्ताच.

चाफेकळी
मंडळी, काल आम्ही दोघं वही घेऊन बसलो. ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर धरा.

बोनस ९५,०००, माझ्या पतपेढीचं आकस्मिक कर्ज ५०,००० (११ टक्के, १२ हप्ते), आणि ४०,००० ची एफडी आहे त्यातले १५,०००. कार्ड शून्य. उरलेले २५,००० सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी, त्याला हात लावायचा नाही. कार्ड बंद नाही करत, पण फोनमधून, सगळ्या खरेदीच्या अॅपमधून काढलं आणि लिमिट कमी करून घेतलं.

कार्डाचे ८,००० सुटले, होम लोनच्या हप्त्याचे ३,१०० सुटतील, आधीचे हजार. त्यातून आकस्मिक कर्जाचा हप्ता ४,४०० च्या आसपास. उरतात ७,७००. एंडोमेंट पेड-अप केली तर वार्षिक खर्च ९३,००० म्हणजे महिन्याला ७,७५०. पन्नास रुपये कमी पडतात, ते क्लासमधून काढू. दर महिन्याच्या १ तारखेला हे पैसे माझ्या दुसऱ्या खात्यात जाणार, ज्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही.

नवऱ्याने एकच अट घातली, पर्सनल लोन संपलं की तो १३,९६० चा हप्ता होम लोनमध्ये वळवायचा. मान्य केलं. ४,१३० आणि ६८८ हे आकडे त्याने स्वतः फ्रीजवर चिकटवलेत.

सीएची_बायको
उत्तम. काठावरचं आहे, एखादं आजारपण आलं तर डगमगेल, पण दिशा बरोबर. वळी विकलीत तर गोल्ड लोनचं व्याज कमी होईल, तेवढी हवा मिळेल. आकस्मिक कर्ज किती दिवसांत मिळतं तुमच्याकडे?

चाफेकळी
अर्ज दिला की चार-पाच दिवसांत. जामीनदार दोन लागतात. एक मैत्रीण तयार आहे, दुसरी शोधतेय. सगळ्याच जणी कुणा ना कुणाला जामीन आहेत.

वांगीभात
आमच्या पतपेढीत आकस्मिकला एकच जामीनदार लागतो, नियम वेगवेगळे असतात. उपविधी बघा. शिवाय नव्या कर्जातून शेअर्सपोटी काही रक्कम कापून घेतात, त्यामुळे हातात पूर्ण ५०,००० येणार नाहीत. आधी विचारून घ्या, नाहीतर कार्डावर दीड-दोन हजार राहून जातील आणि त्यावर परत व्याज.

चाफेकळी
विचारते. सेक्रेटरी सर सोमवारी येतात.